अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्रात गुलामांना मुक्त केलं, तरी माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्यावरचे इतके लोक गुलामच का राहिले?

कारण ते कायद्याने त्याच्या मालकीचे नव्हतेच.

जॉर्ज वॉशिंग्टनला वडिलांकडून 10 गुलाम मिळाले तेव्हा तो 11 वर्षांचा होता. 1759 मध्ये त्याने मार्थाशी लग्न केलं. तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस हा व्हर्जिनियातला मोठा जमीनदार. तो 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला होता. अशा वेळी विधवेला इस्टेटीचा एक तृतीयांश हिस्सा मिळे, पण फक्त हयातीपुरता. उत्पन्न घ्यायचं, विकायचं नाही, मुक्तही करायचं नाही. पुढे तो कस्टिस वारसांकडेच जाणार. आणि 1662 च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीत जन्माला येई, म्हणजे त्या हिश्शातल्या बायकांची मुलंही आपोआप कस्टिसांचीच.

1799 मध्ये माउंट व्हर्ननवर 317 गुलाम होते. त्यातले 123 वॉशिंग्टनचे, 153 कस्टिस हिश्शातले, बाकीचे बहुतेक भाड्याने आणलेले. चाळीस वर्षांत दोन्हीकडच्या माणसांची आपसात लग्नं झाली होती. त्यामुळे नवरा मुक्त आणि बायको-मुलं गुलाम, अशी घरं झाली. मला या सगळ्या प्रकरणातलं हेच सर्वात क्रूर वाटतं.

मृत्युपत्रात मुक्ती मार्थाच्या मृत्यूनंतर द्यायची होती. तिने ती 1 जानेवारी 1801 लाच दिली. (विल्यम ली या खासगी सेवकाला मात्र वॉशिंग्टनने लगेच मुक्त केलं, वर्षाला 30 डॉलरही लावून दिले.) 1802 मध्ये मार्था वारली आणि कस्टिस हिश्शातली माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली.