‘बुडालं तर?’ याचं उत्तर रुपयांत द्या

घरातला मुलगा नोकरी सोडून धंद्याचं बोलू लागला की माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. वडील विचारतात, कर्ज किती मिळेल? मामा नाहीतर चुलते विचारतात, सबसिडी किती? आई विचारते, “आणि बुडालं तर?” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देणारे तालुक्याच्या गावी गल्लोगल्ली भेटतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र “सुरुवातीलाच अभद्र बोलू नये” म्हणून गप्प बसवलं जातं. मी बँकेत कर्जविभागात होतो, निवृत्तीनंतर नव्या धंदेवाल्या मुलांना मार्गदर्शन करतो. माझं मत विचाराल तर त्या घरात कामाचा प्रश्न एकट्या आईनेच विचारलेला असतो.

कराडजवळच्या एका गावातलं घर. मुलाला आपण सुहास म्हणू. ओळख लागू नये म्हणून तपशीलही थोडे बदलले आहेत. वय २६, मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणला ठेकेदारामार्फत कंपनीत कामाला. हातात अठरा हजार, त्यातून खोलीभाडं आणि मेस. त्याला गावी येऊन लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल काढायचं होतं. मशिनवाल्याचं कोटेशन होतं, एजंटाने प्रकल्प अहवाल करून दिला होता: दोन घाणे, फिल्टर, शेड, सगळं मिळून साडेनऊ लाख. “पस्तीस टक्के सबसिडी आहे, काका,” एवढ्या एका वाक्यावर वडील अर्धा एकर गहाण टाकायला निघाले होते.

आई म्हणाली, “साहेब, तुम्हीच सांगा ह्याला. बुडालं तर रान जाईल. आणि नोकरी न्हाई म्हटल्यावर पोरगी कोण देणार?”

लग्नाचा मुद्दा शहरातल्या कार्यशाळांमध्ये कुणी काढला तर हशा होतो. गावात निम्मा निर्णय त्यावर असतो. मी तो कधी हसण्यावारी नेत नाही, पण माझ्याकडे त्याचं उत्तरही नसतं, आणि तसं मी सांगून टाकतो.

आधी रानाचा विषय मिटवला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या एवढ्या रकमेच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत तो आपणहून कुणी सांगत नाही, विचारावा लागतो. मग सबसिडी. अन्नप्रक्रियेच्या सूक्ष्म उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये जी योजना आणली, तिच्यात खरंच ३५ टक्के अनुदान होतं, कमाल दहा लाख. पण हे पैसे हातात पडत नाहीत. ते कर्जाशी जोडून बाजूला ठेवले जातात आणि तीन वर्षं खातं नियमित राहिलं तरच कर्जात वळते होतात. दरम्यान खातं थकलं तर त्या अनुदानाचा काही उपयोग नाही. वडिलांनी एजंटाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. (याच एजंटाने उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे, दोन हजार सांगितले होते. ती आधार क्रमांकावर फुकट होते.)

मग मी सुहासला विचारलं, “किती पैसे गेले तर तू थांबशील?”

तो म्हणाला, “सर, मी थांबणारच नाही.” विशी-पंचविशीतली सगळी मुलं हेच म्हणतात, आणि त्यांना यात हिंमत दिसते. मी थांबून राहिलो. त्याची स्वतःची शिल्लक साठ हजार होती. बरीच घासाघीस झाल्यावर ठरलं: चाळीस हजार तोटा झाला की बंद, पुन्हा चाकण. वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहिला, खाली सुहासची सही, आणि माझ्या आग्रहाने आईचीही. सही करताना तिने विचारलं, “म्हणजे रान न्हाई जाणार?” नाही. “मग करू दे की.” इतके दिवस तिचा विरोध धंद्याला आहे असं घरात सगळे धरून चालले होते. ती फक्त नुकसान कुठे थांबणार ते विचारत होती.

चाळीस हजारांत घाणा येत नाही, हे बरंच झालं. शेजारच्या गावात एकाचा घाणा होता, तिथे किलोमागे पंधरा रुपये मजुरी देऊन तेल काढून घ्यायचं ठरलं. अन्नसुरक्षेची नोंदणी आधी केली, मग लेबल छापलं. गिऱ्हाईक म्हणजे कराडमधली ओळखीची घरं.

दर रविवारी वही घेऊन यायचं, एवढी माझी एकच अट होती. पहिल्या महिन्याअखेर आम्ही एका लिटरचा हिशोब मांडला. लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. त्याला १२० च्या भावाने ३०० रुपये, मजुरी ३८, बाटली आणि लेबल १५, पेट्रोल १०. झाले ३६३. त्यातून दीड किलो पेंड निघते, ती म्हशीवाले चाळीसने नेतात, म्हणजे ६० वजा. तेल पडलं ३०३ ला, विकलं ३६० ला. लिटरमागे ५७ रुपये. महिन्याची विक्री १२० लिटर. सुटले ६,८४० रुपये.

सुहासचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आता मशीन घेतलं असतं तर काय झालं असतं ते मांड. अनुदान सोडून उरलेलं सुमारे सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी अकरा टक्क्यांनी धरलं तर हप्ता तेरा हजारांच्या घरात जातो. मजुरी वाचेल, वीज लागेल, म्हणजे लिटरमागे सुटतील सुमारे ८९. १२० लिटरवर पावणेअकरा हजार. हप्तासुद्धा निघाला नसता. हप्ता भागून चाकणचा पगार सुटायला महिन्याला साडेतीनशे लिटर खपायला हवं. एजंटाच्या अहवालात पहिल्याच महिन्यापासून पाचशे धरलं होतं.

हा साडेतीनशेचा आकडा त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.

खरा त्रास पुढे होता, उधारीचा. तीन महिन्यांत बावीस हजार बाहेर अडकले, त्यातले बहुतेक भावकीत. परक्याकडे मागता येतं, चुलत्याकडे कसं मागायचं? “सर, ते म्हणतात, काय पळून चाललोय का.” याच ठिकाणी मार्गदर्शकाचा खरा उपयोग होतो असं मला वाटतं, भांडवलाच्या वेळी तितका नाही. मी त्याचा नातेवाईक नाही, सावकार नाही, मला कुणाच्या कार्याला जायचं नाही. त्याला म्हटलं, माझ्या नावावर खुशाल ढकल. तो सांगू लागला, “आमच्या सरांनी उधारी बंद केलीय, मला ओरडतात.” वाईट माणूस मी ठरलो. सहा आठवड्यांत सोळा हजार वसूल झाले. एका काकांनी तेल घेणंच बंद केलं. त्यांचं जुनं येणं कधी आलं नाही, ते तोट्यात लिहिलं.

एका तरुणामागे एक अनुभवी माणूस, तोही फुकट, ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून ती राबवतो आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्येही मोफत निवासी प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. या संस्थांचं मूळ १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथे सुरू झालेल्या प्रशिक्षणात आहे. आपल्या जिल्ह्यातली अशी संस्था कुठे आहे ते अग्रणी बँकेत, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेत, विचारलं की कळतं. मुलं प्रशिक्षणाला जातात, प्रमाणपत्र घेतात, आणि पाठपुराव्याचा फोन आला की उचलत नाहीत, कारण धंदा बरा चाललेला नसतो. फोन उचलायची वेळ नेमकी तीच असते.

कराडच्या एका दुकानाने पन्नास बाटल्या मागितल्या, पैसे महिन्याने. कायदा सुहासच्या बाजूने होता: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. पण पन्नास बाटल्यांसाठी कुणी कायद्याच्या वाटेला जात नाही. दहा दिल्या. त्यांचे पैसे आले, मग वीस.

मधल्या काळात एक गोष्ट मी सुचवली नव्हती, ती त्याची त्यानेच केली. शेजारच्या गावचा घाणा सारखा बंद पडायचा. सुहासने तो उघडून दुरुस्त केला, पुढेही करत राहिला. मालकाने त्याच्याकडून घ्यायची मजुरी किलोमागे पंधरावरून आठ रुपयांवर आणली. लिटरमागे ५७ चे ७४ झाले.

दहाव्या महिन्यात विक्री २१० लिटर होती, हाती साडेपंधरा हजार. चाकणपेक्षा कमी, पण खोलीभाडं नाही, मेस नाही. अडकलेली उधारी धरून तोटा वाढत वाढत अकरा हजारांपर्यंत गेला होता, तिथून परतला. मशीन अजून घेतलेलं नाही. वडील अधूनमधून विषय काढतात, आई पुठ्ठ्यावरचा आकडा दाखवते. स्थळं येतात, “मुलगा काय करतो” पाशी अडतात. त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

परवा आईचाच फोन होता. दसऱ्याच्या सुमाराला नवी शेंग बाजारात येते, तेव्हा भाव उतरतो; तेव्हाच तीन महिन्यांची भरून ठेवली तर? शेंग फोडून, दाणा दाताखाली धरून ती ओल ओळखते, आणि ओलीला बुरशी येते हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. साठवणीचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. त्यासाठी केंद्राच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज, पन्नास हजारांपर्यंतचं, विनातारण, एवढंच काढायचं ठरलं. अर्ज भरताना तिने विचारलं, भाव आणखी पडला तर किती सोसायचं? सुहासने वहीचं नवं पान काढलं. आकडा अजून ठरायचा आहे.