कंपनीत एकटाच लेखक, मग सल्ला कुणाला विचारायचा?

प्रश्न : यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे. सगळी मॅन्युअल माझ्याकडेच, दुसरा लेखक नाही. ऑनलाइन व्यावसायिक गटात जावं का? साहेबांना तो वेळेचा अपव्यय वाटतो.
– एक वाचक

उत्तर : जरूर जा. इंजिनिअर तुमचा मसुदा तपासतात तेव्हा आकडा चुकला तर सांगतात. सूचना योग्य जागी आहे का, हे नाही सांगत. ते दुसऱ्या लेखकालाच दिसतं.

आमच्या गटात एकीने यंत्राच्या सफाईचा मजकूर टाकला होता. 'झाकण उघडा. पातं बाहेर काढा.' आणि त्याखाली 'कॉशन : आधी वीज बंद करा.' वैद्यकीय उपकरणांवर लिहिणाऱ्या एकाने लगेच कळवलं, की इशारा पायरीच्या आधी हवा. माणूस वाचता वाचताच हात घालतो. दुसरीने अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ या सुरक्षेच्या इशाऱ्यांविषयीच्या मानकाकडे लक्ष वेधलं. त्यात 'कॉशन' किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी आहे. बोट तुटायची शक्यता असेल तर 'वॉर्निंग'च हवं. शिवाय वीज बंद करणं हीच पहिली पायरी करा, असंही ती म्हणाली. वेगवेगळ्या उद्योगांतली ही माणसं एरवी एका टेबलाशी कधी बसली असती?

मात्र विचारायचं नीट. 'वर्डमध्ये क्रमांक बिघडतात, मदत करा' याला कोण काय सांगणार? 'दुसऱ्या प्रकरणात पायऱ्या १ ऐवजी ७ पासून सुरू होतात, क्रमांक बटणाने दिलेत' असं लिहा, आवृत्तीही सांगा. मग कुणीतरी मल्टिलेव्हल लिस्टच्या (अनेक पातळ्यांच्या क्रमांकयादीच्या) पातळ्या वर्डच्या स्टाइलला जोडायला शिकवेल. उपाय लागू पडला की तसं परत येऊन कळवा. पुढच्याला तेच हवं असतं.

कंपनीचा मजकूर जसाच्या तसा टाकू नका. यंत्राचं नाव, भागांचे क्रमांक बदला आणि बाजारात न आलेल्या उत्पादनाविषयी अवाक्षर नको.

१९५३ पासूनचा वारसा सांगणारी सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही टेक्निकल रायटरांची संघटना २०२५ मध्ये बंद पडली, याचं मला फार वाईट वाटलं. आता असे गटच आधार आहेत. 'राइट द डॉक्स' या अशा लेखकांच्या गटात भर सॉफ्टवेअरवर असतो, तेव्हा यंत्रांवर लिहिणाऱ्यांचा गटही शोधा.

साहेबांशी वाद घालू नका. गटात विचारून सुधारलेलं एक पान जुन्या पानाशेजारी ठेवून त्यांना दाखवा.