पाच वर्षांनी पेशंट कसा चालतो?

चि. बाय,

मुंबईत रोबोटच्या मदतीने खुबे बदलायची फेलोशिप की कणकवलीला परत, एवढंच विचारलं असतंस तर फोनवर सांगितलं असतं. पण खाली लिहिलंयस, "सर, तिथे शंभर खुबे बदलायला किती वर्षं लागतील?" त्या वाक्याने माझी झोप उडाली. शंभरांतले किती जण पाच वर्षांनी कसे चालतात, हे का नाही विचारलंस?

आजचा कृत्रिम खुबा ज्यांनी घडवला त्या इंग्लंडच्या सर्जन जॉन चार्नलींनी खुब्याच्या सांध्यात आधी टेफ्लॉनची वाटी बसवली होती. शेकडो पेशंट हसत घरी गेले आणि काही वर्षांत वाट्या झिजल्या. ते कळलं, कारण चार्नली आपले पेशंट पुन्हा पुन्हा बोलावून स्वतः तपासत होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिलीनची वाटी बसली ती त्यानंतर. पहिल्या महिन्याचा एक्स-रे सगळ्यांचाच देखणा असतो गं!

सुरुवातीच्या वर्षांत भातलावणीला जाणाऱ्या एका बाईंचा खुबा मी बदलला. पाय दीडेक सेंटीमीटर लांब झाला. टेबलावरच शंका आली होती, बोललो नाही. त्या परत आल्या नाहीत, मीही बोलावलं नाही. चार वर्षांनी बाजारात दिसल्या. दुसऱ्या पायातल्या चपलेखाली चांभाराकडून टायरचा जाड तुकडा शिवून घेतलेला. मला म्हणाल्या, "बरी आसंय, डॉक्टरांनू." ती चप्पल अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून वही ठेवली. भातकापणी उरकली की एकेकाला फोन. आला की आधी चालायला लावतो, मग एका पायावर उभं करतो, मग विचारतो, उकिडवे बसता का? बसतात. नको सांगूनही बसतात, कारण घरात न्हाणी तशीच आहे. हे डिस्चार्ज कार्डावरून कळत नाही.

बरोबरचे म्हणतात, मी इथे कुजलो. म्हणू देत. माझं चुकलेलं माझ्याच दारात लंगडत येतं आणि मला ते बघावं लागतं, म्हणून माझा हात सुधारला. रोबोट जरूर शीक, वाटीचा कोन तो छान साधतो. पण दर दोन वर्षांनी हॉस्पिटल बदलणार असशील तर तुझ्या चुका दुसराच कुणी बघेल, तुला कधीच कळणार नाहीत. वही ठेव. कुठेही राहा, वही ठेव!

दिवाळीनंतर चार दिवस ये. सतरा जणांना बोलावलंय. तू ओसरीवर बस आणि ते गेटपासून कसे चालत येतात ते बघ. एक्स-रे मी नंतर दाखवीन.

तुझा,
सर