उशिरा आलेल्याने गेलेल्या मॅचचे पैसे का द्यायचे?

प्रश्न: सर, माझा धाकटा भाऊ इंग्लंडात नोकरीला आहे, पगार उशिरा झाला म्हणून फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट (म्हणजे हंगामातल्या सगळ्या घरच्या मैदानावरच्या मॅचचं एकच तिकीट) घ्यायला चार होम मॅच होऊन गेल्या, तरी क्लबने पूर्ण रक्कम मागितली आणि आधी घेणाऱ्यांना वर सवलत. हे बरोबर आहे का? (परभणी)

उत्तर: सवलतीचं मला पटतं बघा, कारण उन्हाळ्यात मॅच नसतात तेव्हा क्लबच्या हातात पैसा येतो, ज्याने आधी दिला त्याला थोडं स्वस्त मिळालंच पाहिजे. पण झालेल्या मॅचचे पैसे घेणं हा सरळ अन्याय आहे. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल स्पर्धेत, २० टीम, बाकीच्या प्रत्येक टीमशी एकदा घरी खेळायचं, म्हणजे प्रत्येकीच्या घरच्या मॅच १९, चार गेल्या तर उरल्या १५. तिकीट समजा ५७० पौंडाचं असेल तर मॅचला ३० पडले, म्हणजे त्याच्याकडून ४५०च घ्यायला पाहिजेत, फार तर सवलत देऊ नका. आपल्याकडं लातूरला क्लासला आलेलं पोरगं दहा तारखेला मेस लावतं तेव्हा काकू कार्डावर पहिल्या नऊ दिवसांवर रेघ मारतात आणि उरलेल्याच दिवसांचे घेतात ना! भावाला म्हणावं क्लबला हाच हिशोब लेखी पाठव, आणि तिथल्या समर्थकांच्या संघटनेलाही सोबत घे, कारण बाहेरगावच्या मॅचचं तिकीट ३० पौंडांच्या वर न्यायचं नाही हे २०१६ मध्ये समर्थकांनी रेटा लावला म्हणूनच ठरलं.