वाचकांचे प्रश्न : मुलाचा जुना आयफोन की नवा अँड्रॉइड?

प्रश्न : मी ६७ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून डिचोली तालुक्यात राहते. माझा अँड्रॉइड फोन ६ वर्षांचा झाला आहे. मुलगा जहाजावर नोकरीला आहे. तो चवथीला घरी येईल तेव्हा स्वतःसाठी नवा फोन घेऊन त्याचा आयफोन १२ मला देणार आहे. आयफोन अधिक सुरक्षित असतो, असे त्याचे म्हणणे आहे. म्हापशातील दुकानदार मात्र २० हजारांच्या आसपासचा नवा अँड्रॉइड घ्या, असे सुचवतो. मी फोनवर मराठी बोटाने लिहिते, आमच्या मंडळाच्या घुमट आरत्या ध्वनिमुद्रित करून सर्वांना पाठवते आणि बँकेचे व्यवहारही करते. गेले वर्षभर माझ्या फोनला एकही अपडेट आलेले नाही. मी कोणता फोन वापरावा?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण शेवटी लिहिली आहे. ज्या फोनला वर्षभर सुरक्षा अपडेट आलेले नाही, त्यावर बँकेचे व्यवहार करणे आजपासूनच थांबवावे, मग नवा फोन कोणताही येवो. फोनच्या प्रणालीत नव्या त्रुटी सतत सापडत असतात आणि अपडेट म्हणजे त्या बुजवण्याचे काम होय. ते थांबले की फोन वरवर चांगला चालत राहतो, पण आतील दारे उघडीच राहतात.

आयफोनबद्दल आपला मुलगा सांगतो त्यात तथ्य आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आयफोन आणि त्याची आयओएस ही प्रणाली दोन्ही ॲपलचीच असल्यामुळे अपडेट तयार झाले की ते सर्व पात्र फोनांना एकाच वेळी मिळते. अँड्रॉइड गूगल तयार करते, परंतु फोन अनेक कंपन्या बनवतात; त्यामुळे गूगलने केलेली दुरुस्ती चिप बनवणाऱ्या कंपनीकडून फोनच्या कंपनीकडे आणि तिथून आपल्या हातातील फोनपर्यंत पोहोचावी लागते. स्वस्त फोनांच्या बाबतीत हा प्रवास पूर्वी दोन-तीन वर्षांतच थांबत असे, आणि आपल्या फोनचाही तो आता थांबलेला दिसतो.

तरीही माझे मत दुकानदाराच्या बाजूचे आहे. आयफोन १२ हा २०२० साली बाजारात आला. २०१५ च्या आयफोन ६एसला प्रणालीची शेवटची मोठी आवृत्ती २०२१ मध्ये मिळाली आणि त्यानंतर काही काळ केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहिल्या. तोच हिशेब लावला तर मुलाच्या फोनचे बरेचसे आयुष्य सरलेले आहे. त्याउलट, सॅमसंगने २०२४ मध्ये आणलेल्या आणि आपल्या अंदाजपत्रकात बसू शकणाऱ्या गॅलेक्सी ए१६ या फोनला कंपनीने ६ वर्षांच्या अपडेटची हमी दिली आहे. मात्र अशी हमी फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. म्हणून दुकानात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : हा फोन कोणत्या वर्षी आला आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत येतील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष दाखवायला सांगावे. ते दाखवता येत नसेल तर तो फोन घेऊ नये.

दुसरा मुद्दा सवयीचा. हा मुद्दा तरुण मुले फार हलक्यात घेतात, पण वयाने मोठ्या माणसाचा फोनवरील विश्वास या सवयीवरच उभा असतो. अँड्रॉइडवर कोणत्याही ॲपमधून एकाच ठरलेल्या पद्धतीने मागे जाता येते. आयफोनवर मागे जाण्याची जागा ॲपनुसार बदलते. बोटाने मराठी लिहिण्याची जी सोय आपण गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर वापरत असाल, तीच आयफोनवर मिळेल असे गृहीत धरू नये. मुलाच्या फोनवर चार ओळी स्वतः लिहून पाहाव्यात. आरत्यांचे ध्वनिमुद्रण दोन्हीकडे उत्तम होते, त्याची चिंता नको. आयफोन १२ ला ॲपलची लायटनिंग पद्धतीची केबल लागत असल्याने घरातील फोनांच्या टाइप-सी केबल त्याला बसणार नाहीत, हे मात्र लक्षात असू द्यावे.

मुलाने प्रेमाने देऊ केलेली वस्तू नाकारणे जड जाते, हे मी समजू शकतो. आयफोनच घेण्याचे ठरले, तर तो पुन्हा जहाजावर जाण्यापूर्वी आपल्यासमोर बसून त्याने त्या फोनमधून स्वतःचे ॲपल खाते काढावे, ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधण्याची ॲपलची सोय) बंद करावे आणि मगच फोन पूर्ण कोरा करावा. हे राहून गेले तर फोन त्याच्या खात्याचा पासवर्ड मागत अडून बसेल, आणि भर समुद्रात असलेल्या मुलाशी संपर्क होईपर्यंत आपल्याला काहीच करता येणार नाही. सेटिंग्जमध्ये बॅटरीची कमाल क्षमता ८० टक्क्यांच्या खाली दिसत असेल तर बॅटरीही आताच बदलून घ्यावी.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात असतो आणि तो आयफोनवर उघडत नाही. जुनी बोलणी न्यायची असतील तर आयफोन नव्याने सुरू करतानाच ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपने ती न्यावी लागतात. त्यासाठी दोन्ही फोन चार्जरला जोडलेले आणि एकाच वायफायवर असावेत. मी स्वतः फोन बदलला तेव्हा दुकानातील मुलाने घाईत नवा फोन सुरू करून दिला, जुना कोरा करून टाकला, आणि माझ्या दिवंगत वडिलांचे आवाजी निरोप त्यात कायमचे गेले. जुना फोन निदान एक महिना तसाच कपाटात ठेवावा. नवा फोन अँड्रॉइडच असेल तर हे काम पुष्कळ सोपे होते, कारण त्याच गूगल खात्यातून बॅकअप परत आणता येतो.

प्रश्न : अँड्रॉइड आणि आयओएस सोडून तिसरा पर्याय का नाही? गूगलविरहित प्रणाली फोनवर घालून घ्यावी का? (विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : पर्याय होते. नोकियाचे सिम्बियन, ब्लॅकबेरी आणि मायक्रोसॉफ्टचे विंडोज फोन ही नावे फार जुनी नाहीत. विंडोज फोनची प्रणाली मुळीच वाईट नव्हती. परंतु वापरणारे थोडे म्हणून ॲप बनवणारे फिरकत नव्हते आणि ॲप नाहीत म्हणून वापरणारे वाढत नव्हते. २०१४ मध्ये नोकियाचा फोन व्यवसाय ताब्यात घेऊनही मायक्रोसॉफ्टला हे चक्र तोडता आले नाही. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या.

अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही पाहता आणि बदलता येणारा, असल्यामुळे त्यावर आधारलेली लिनिएजओएससारखी गूगलविरहित प्रणाली उपलब्ध आहे, आणि जुन्या फोनवर ती घालून पाहणे हा शिकण्याचा उत्तम मार्ग आहे. मात्र बँकांची आणि यूपीआयची अनेक ॲप्स अशा बदललेल्या फोनवर चालण्यास नकार देतात. म्हणून हा प्रयोग रोजच्या फोनवर करू नये. घरात पडून असलेला एखादा फोन घ्यावा, तो लिनिएजओएसच्या यादीत आहे का ते आधी तपासावे, आणि बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते म्हणून फोटो अगोदर दुसरीकडे उतरवून घ्यावेत.