प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, परभणीत राहतो. नॅनोकणांच्या विषारीपणावर संशोधन करता येईल का?

नक्की येईल, आणि आपल्याकडच्या मुलांनी ते करायलाच हवं. नाकाला नुसता रुमाल बांधून कपाशीवर फवारणारी माणसं आपण दर हंगामात बघतो. २०२१ पासून त्याच पंपात नॅनो युरियाही पडतोय.

विषशास्त्राचा पहिला धडा मात्रेचा, म्हणजे विष किती गेलं यावर परिणाम ठरतो. नॅनोकणांत तेवढ्यावर भागत नाही. कण १ ते १०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), म्हणजे वजन तेवढंच पण पृष्ठभाग कितीतरी पट. त्यामुळे आकार, विद्युतभार, गुठळ्या सगळं तपासावं लागतं. पेशी जिवंत आहेत का हे बघायला आम्ही एमटीटी ही रंगाची चाचणी करायचो. पिवळा रंग जिवंत पेशींत जांभळा होतो. एकदा चाचणीच्या प्लेटमधल्या मेलेल्या पेशींच्या खाचेतही जांभळं दिसलं! दोन आठवड्यांनी उलगडलं: रंग पेशींनी नव्हे, कणांनीच बदलला होता. म्हणून पेशींशिवाय, नुसत्या कणांची चाचणी आधी लावायची. हे विसरू नका.

वाट सरळ आहे: सीएसआयआर-नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवा. लखनौची आयआयटीआर (भारतीय विषशास्त्र संशोधन संस्था) १९६५ पासून विषशास्त्राचंच काम करते. संभाजीनगरला विद्यापीठात पीएच.डी. करायची असेल तर गाईड ठरवण्याआधी पेशीसंवर्धनाची (प्रयोगासाठी पेशी वाढवण्याची) खोली चालू आहे का, स्वतः जाऊन बघा.