दातांचं विचारा : कुत्रा, बैल आणि आपण

या महिन्यात सहा पत्रं निवडलीत आणि त्यातल्या पाचांत जनावरं आहेत! मी माणसांचे दात बघते, नवरा जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे अर्धी उत्तरं त्याला विचारून लिहिलीयत, आणि जेवता जेवता हिरड्यांतल्या पुवावर बोलायची आमच्या घरी सवय आहे, तुम्ही मात्र जेवून मग वाचा.

प्रश्न : आमचा पॉमेरेनियन 8 वर्षांचा आहे, तोंडाला भयंकर वास येतो. डॉक्टर म्हणतात भूल देऊन दात साफ करावे लागतील. एवढ्या वयात भूल? आणि गंमत म्हणजे सासऱ्यांनाही डेंटिस्टनी क्लीनिंग सांगितलंय, त्यांना डायबिटीस आहे, पण ते म्हणतात क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात, मित्राचे हलले. दोघांचं काय करू? (पुणे)

ताई, तुमच्या घरात एकच आजार दोन जणांना झालाय बहुतेक. दातावर रोज एक चिकट थर बसतो, जंतूंचा. तो काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसतं आणि त्याचं कीटण होतं, दगडासारखं. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कलाइन, त्यामुळे त्याच्या दातावर हे दोनतीन दिवसांतच कडक व्हायला लागतं. त्यात पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीत जबडा एवढासा आणि दात मात्र 42, सगळी दाटीवाटी, म्हणून यांची तोंडं लवकर बिघडतात.

हे सगळं नीट कळलं कसं ते सांगते, कारण त्यातच तुमचं उत्तर आहे. 1965 साली डेन्मार्कमध्ये आर्हुसला हाराल्ड लो नावाच्या संशोधकाने 12 जणांना, त्यातले बरेचसे डेंटलचेच विद्यार्थी, सांगितलं की आता ब्रश करायचा नाही. 10 ते 21 दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत ब्रश सुरू केल्यावर आठवड्याभरात जागेवर आल्या. म्हणजे इथवर सगळं परतीचं आहे. पुढे काय होतं ते बघायला माणसांना चार वर्षं ब्रशशिवाय कोण ठेवणार, म्हणून स्वीडनमध्ये यान लिंधे आणि मंडळींनी बीगल कुत्रे घेतले, निम्म्यांचे दात दिवसातून दोनदा घासायचे, निम्म्यांचे अजिबात नाही, असं चार वर्षं. घासलेल्यांच्या हिरड्या ठणठणीत राहिल्या, न घासलेल्यांच्या आधी सुजल्या आणि मग बहुतेकांच्या दाताभोवतीचं हाडही खाली गेलं. हे हाड गेलं की परत येत नाही, ना कुत्र्याचं ना सासऱ्यांचं. आज मी पेशंटला ‘दोनदा घासा’ म्हणते त्यामागे त्या बीगलांचे दात आहेत, पुढे त्यांचं हाड मायक्रोस्कोपखालीसुद्धा तपासलं गेलं, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

आता सासऱ्यांचा मुद्दा. त्यांच्या मित्राचे दात हलले हे खरं असणार, मी खोटं म्हणत नाही. पण होतं असं की हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाचा एकसंध पट्टा दातांना एकमेकांत चिकटवून धरतो, जुन्या भिंतीला नुसत्या रंगाने धरून ठेवल्यासारखं. कीटण काढलं की जे आधीच हलत होतं ते कळतं, एवढंच. राहू दिलं तर खालचं हाड आणखी जातं. त्यांना डायबिटीस आहे म्हणून तर जास्तच घाई करा, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही, दोन्हीकडून मार. हिरड्यांचे उपचार झाल्यावर तीनचार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, साधारण 0.4 टक्क्यांच्या आसपास खाली येतं असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्यावर दिसलंय. गोळीऐवजी नाही हां, गोळीसोबत.

आणि पॉमला भूल लागते कारण आजार हिरडीच्या खाली असतो, वरून दात चमकवून काही होत नाही, उलट मालकाला वाटतं झालं काम. जागा कुत्रा हिरडीखाली हत्यार घालू देईल का? एक्सरे काढू देईल का? शिवाय भुलीत श्वासनळीत नळी असते त्यामुळे पाणी आणि घाण फुप्फुसात जात नाही. हल्ली ‘बिनाभूल क्लीनिंग’ची जाहिरात दिसते, नवरा त्याला रंगसफेदी म्हणतो. 8 वर्षं म्हणजे काही म्हातारा नाही, आधी रक्त तपासा, हृदय तपासा, आणि डॉक्टरांना थेट विचारा की भुलीच्या वेळी मॉनिटरवर कोण बसणार.

प्रश्न : आपलीच टूथपेस्ट कुत्र्याला चालते का? (डोंबिवली)

नाही. कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल असतं, आणि झायलिटॉल कुत्र्याला विष आहे, त्याची साखर धाडकन खाली येते, यकृतालाही इजा होते. शुगरफ्री च्युइंगमचं पाकीटही उघड्यावर ठेवू नका. कुत्र्याची वेगळी पेस्ट मिळते, नाहीच मिळाली तर मऊ ब्रश नुसता ओला करून घासा, काम ब्रशचंच असतं. आणि दात साफ होतील म्हणून कडक हाडं, शिंगं देऊ नका, वरचा मागचा मोठा दात उभा चिरतो आणि मग तो काढावा लागतो.

प्रश्न : मुलीचं तोंड कुत्रा चाटतो. त्याच्या हिरड्या खराब आहेत, तिला लागण होईल का? (ठाणे)

हिरड्यांच्या लागणीची भीती फार बाळगू नका. 2012 साली कुत्र्याच्या तोंडातल्या जंतूंची मोठी यादी झाली, 353 प्रकार सापडले, त्यातले माणसाच्या तोंडाशी जुळणारे फक्त 16.4 टक्के. आपल्या हिरड्यांच्या आजारात पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू पुढे असतो, कुत्र्यात त्याचा चुलतभाऊ, पोर्फिरोमोनास गुले. आजार एकसारखा पण टोळी वेगळी, मला तर हे फार नवलाचं वाटतं. तो चुलतभाऊ थोड्याफार मालकांच्या तोंडात सापडलाय, पण म्हणून त्यांच्या हिरड्या गेल्या असं नाही. घरात कुणाची प्लीहा काढलेली असेल, केमो चालू असेल, तर मात्र चाटू देऊ नका, जखम तर मुळीच नाही. कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशा माणसांना क्वचित पण फार जोरात त्रास देतो.

प्रश्न : आमच्या गावात एक माणूस यायचा, कानात नळी धरून धूर द्यायचा आणि दातातली कीड काढून तळहातावर दाखवायचा, पांढरी आळी. खरंच कीड असते का? आणि मग कुत्र्याच्या दाताला का लागत नाही, तो तर ब्रशही करत नाही. (सातारा)

ती आळी त्याच्या नळीत किंवा धुरासाठी जाळायच्या बियांत असायची काका, दातात नाही. कानाचा आणि दाताचा रस्ता जोडलेलाच नाहीये! पण हसू नका, जगभर हजारो वर्षं लोकांना हेच वाटायचं, 1728 मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने लिहिलं की मी शोधलं, आळी काही सापडली नाही.

खरं काय ते उंदरांनी सांगितलं. 1954 मध्ये अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात एकही जंतू नसलेले उंदीर वाढवले होते, त्यांना भरपूर साखर घातली तरी दात किडेनात. म्हणजे नुसत्या साखरेने होत नाही, जंतू हवा. मग 1960 मध्ये पॉल कीज या संशोधकाने दाखवलं की दात न किडलेला हॅमस्टर (उंदरासारखा छोटा प्राणी) किडलेल्यांच्या पिंजऱ्यात ठेवला की त्याचेही किडतात, म्हणजे चक्क संसर्ग. यातला मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, तो लंडनमध्ये क्लार्क यांनी 1924 लाच शोधला होता, पण पुढची चाळीसएक वर्षं कुणी फारसं विचारलंच नाही त्याला.

आणि नुसत्या जंतूनेही होत नाही. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात 1970 पासून 15 वर्षं 480 मजुरांचे दात तपासले गेले, परत हाराल्ड लो यांनीच. आयुष्यात ब्रश नाही, डेंटिस्ट नाही, तरी कीड जवळजवळ नाहीच. हिरड्या मात्र सगळ्यांच्या सुजलेल्या. त्यातही 8 टक्के लोकांचं हाड भराभर गेलं, 81 टक्क्यांचं हळूहळू, आणि 11 टक्क्यांचं काहीच झालं नाही. ‘आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, नव्वदीत ऊस खायचे’ हे मला दर आठवड्याला एकदा ऐकवतात, ते आजोबा या 11 टक्क्यांतले. आपण त्यांच्यातले की आठांतले हे आधी कळत नाही, हीच तर अडचण आहे.

साखर कितीपेक्षा केव्हा खाल्ली हे महत्त्वाचं, हे स्वीडनमधल्या लुंड गावच्या विपेहोल्म संस्थेत कळलं, 1940 च्या दशकात. मतिमंद रुग्णांना, त्यांना कुणी विचारलंही नाही, मुद्दाम दाताला चिकटणारी टॉफी दिवसभर खायला घातली, आणि त्यांचे दात नासले. जेवणासोबत गोड खाणाऱ्यांचं तेवढं नुकसान झालं नाही. ‘मधेमधे खाऊ नको’ हा सल्ला मी रोज देते आणि तो कुणाच्या दातांवर शिकला गेला हे आठवलं की कसंतरी होतं. पैसे घालणाऱ्यांत चॉकलेट-साखरवालेही होते, हे आणखी एक.

तर कुत्रा. लाळ अल्कलाइन म्हणून आम्ल टिकत नाही, दात टोकदार म्हणून अन्न अडकत नाही, आणि दिवसभर बिस्किट-चहा नाही. बिस्किट-चहा सुरू केलात तर त्याच्याही वरच्या दाढेला लागते कीड, नवऱ्याने बघितलीय.

प्रश्न : बैल बाजारातून आदत (दुधाच्या दातांचा) आणला होता, आता जुळलाय (सगळे पक्के दात आलेत) पण पुढचे दात तपकिरी आणि झिजलेले, कडबा नीट तोडत नाही. माझ्या 10 वर्षांच्या मुलाच्या दातावर पण तसेच डाग. पाणी दोघांना एकाच बोअरचं. (यवतमाळ जिल्हा)

दादा, शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार बरं केलंत. पाण्यात फ्लोराइड जास्त असणार. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात हे आहेच. पाणी तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण बैल आणि पोरगा दोघेही तेच सांगतायत.

दात हिरडीच्या आत तयार होत असताना फ्लोराइड जास्त गेलं तर इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, कच्चं राहतं, आधी खडूसारखं पांढरं, मग त्यात रंग मुरतो. बाहेर येऊन पक्क्या झालेल्या दातावर हे डाग पडत नाहीत. म्हणून तुमचा बैल आदत असताना आला हे महत्त्वाचं, त्याचे पक्के दात तुमच्या बोअरच्या पाण्यावर तयार झाले. जुळलेला बैल दुसऱ्या गावाहून आणला असता तर दात स्वच्छ राहिले असते, हाडांत मात्र साठलंच असतं. दातावरून बैलाचं वय कळतं हे तुम्हाला मी काय सांगू, पण लहानपणी कुठलं पाणी प्यायला तेही कळतं.

जनावरांनी हे आपल्याला आधीही सांगितलंय. 1937 मध्ये आंध्रातल्या नेल्लोर भागात बैलांचे सांधे आखडले, चालेनात, शेतकऱ्यांच्या ते लक्षात आलं आणि भारतात माणसांतला हा फ्लोराइडचा आजार नोंदला गेला. त्याच्याआधी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या मुलांच्या दातावर असेच तपकिरी डाग होते, मॅके नावाचा डेंटिस्ट तीस वर्षं कारण शोधत होता. 1931 मध्ये ॲल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या केमिस्टने अर्कान्सासमधल्या बॉक्साइट गावचं पाणी तपासलं, तिथल्या मुलांच्या दातांवरही तसेच डाग होते, लिटरमागे 13.7 मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. आपल्याकडे मर्यादा 1 ची, दुसरं पाणी नसेलच तर 1.5.

करायचं काय : बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा लॅबमध्ये द्या. उकळू नका, पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे आणखी दाट होतं. तुरटी-चुन्याची पद्धत आहे, ती नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच 1970 च्या दशकात बसवली, नालगोंडा पद्धत म्हणतात, पण माप चुकलं तर पाण्यात तुरटीतलं ॲल्युमिनियम राहतं म्हणून अंदाजे घरी करू नका. जवळ उघडी उथळ विहीर असेल तर तिचंही तपासा, बऱ्याचदा खोल बोअरपेक्षा कमी निघतं. आधी पोराचं पाणी बदला, धाकटं भावंड असेल तर त्याचं आजच. मुलाचे डाग कमी करता येतात, ते फार अवघड नाही. बैलाचे दात परत येणार नाहीत, त्याला कडबा कुट्टी करून घाला, दाढा चांगल्या असतील तर रवंथ करेल.

प्रश्न : आजी 70 वर्षं मिशरी लावते. म्हणते म्हणूनच हिरडीतून कधी रक्त आलं नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, दुखत नाही म्हणते. (सांगली)

रक्त येत नाही कारण तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात. आजार तसाच चालू राहतो, फक्त गजर बंद. उलट मिशरी, तंबाखू सोडल्यावर महिनाभरात रक्त यायला लागतं आणि माणसं घाबरून परत सुरू करतात. रक्त आलं की ब्रश थांबवायचा नसतो, मऊ ब्रशने तिथेच नीट घासायचं असतं, हे आजींना आधीच सांगून ठेवा.

चट्ट्याचं मात्र थांबू नका. भाजलेली असली तरी मिशरी तंबाखूच, तिने तोंडाचा कॅन्सर होतो. दोन आठवड्यांत न गेलेला पांढरा किंवा लाल चट्टा दाखवायचाच, दुखत नसला तर जास्तच, कारण सुरुवातीला दुखत नाही. सरकारी डेंटल कॉलेज किंवा सिव्हिलला घेऊन जा, तुकडा काढून तपासायचा म्हणतील, त्याला हो म्हणा. मिशरीची डबी सोबत न्या, डॉक्टरांना दिवसातून किती वेळा ते आजींकडूनच वदवून घ्यायला सोपं जातं.